सात नंबरची विहीर

२१ जानेवारी २०२४
चिकलठाणा

प्रिय संघपाल,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. बजाजनगरचा पत्ता लॅबमधल्या सुलेखाने दिला. तिच्यावर रागावू नकोस. तुझं एक सर्टिफिकेट माझ्याकडे राहिलंय, असं मी तिला खोटंच सांगितलं. पासष्टी आली तरी खोटं बोलताना मला फार विचार करावा लागत नाही.

परवाच्या पेपरातली जाहिरात तू पाहिलीच असशील. बोरखडीची दगडखाण वाढवायची आहे. शहर जालना रोडने आणि बीड बायपासने चौखूर सुटलंय, त्याला खडी पुरत नाही. जनसुनावणी वीस फेब्रुवारीला, तुमच्या गावच्या शाळेच्या पटांगणात. पर्यावरण अहवाल पुन्हा आमच्याच ऑफिसचा, म्हणजे आता मंदारचा. मुलाने माझी खुर्ची घेतली आणि मला कोपऱ्यातली एक दिली.

नव्या अहवालात लिहिलंय की खाणीपासून पाचशे मीटरच्या आत एकही विहीर नाही, मागच्या अहवालातही नव्हती. तुमची वस्ती म्हणते, आमची विहीर होती, भर दुष्काळात तिला पाणी होतं, खाणीच्या सुरुंगांनी ते गेलं. खाणवाले म्हणतात, पुरावा दाखवा. पुरावा कुणाकडेच नाही.

मागच्या जूनमध्ये तू घरी आलास. कडूबाईंना, तुझ्या आईला, जाऊन पंधरा दिवस झाले होते. २०१९चा अहवाल तू टीपॉयवर ठेवलास आणि पाण्याच्या तक्त्यावर बोट ठेवून विचारलंस, "सर, आपला सात नंबर कुठंय?" मी चष्मा शोधायला लागलो. चष्मा डोळ्यांवरच होता. भानुमती चहा घेऊन येईपर्यंत तू जिना उतरून गेला होतास.

तेव्हा सांगायचं राहिलं ते आता सांगतो. विहिरींची यादी मी बनवत नाही, ती गावाकडून येते. २०१९च्या एप्रिलमध्ये आपण दोघं चावडीत बसलो होतो, आठवतं ना? तलाठ्याने अकरा विहिरींची यादी दिली आणि चहा पाजला. तुमच्या वस्तीची विहीर त्या यादीत नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात तुमच्या लोकांनी ती गायरानात स्वतःच्या हातांनी खणली आणि गावाने ती कधी कागदावर घेतलीच नाही. यात माझा काय दोष? यादीबाहेर जायचं नाही ही आमच्या कामाची पद्धतच आहे. माझी कच्ची वही असती तर काही दाखवता आलं असतं, पण घर बदलताना ती कुठे गेली कुणास ठाऊक.

एक विचारायचंय, हसू नकोस. तुझी आई कधी आमच्या घरी आली होती का? आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. येण्याआधी नळातून हवा सुटते आणि जरा वेळ घरघर होते. त्या घरघरीत मला कडूबाईंचा आवाज ऐकू येतो. "आमची हीर लिवली का, सायब?" एवढंच. भानुमतीला ऐकू येत नाही.

प्रकृतीला जप.

तुझा,
मुकुंद सर


३० जानेवारी

प्रिय संघपाल,

पोचपावती मिळाली. तिच्यावर तुझी सही आहे, पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्यांवर सहा वर्षं करायचास तीच. तू वाचतोयस, मला तेवढं पुरे.

काल मी बोरखडीला जाऊन आलो. घरी सांगितलं, गुडघा दाखवायला जातोय. पाचोडपर्यंत एसटीने आणि पुढे रिक्षाने. जानेवारीतच रानं काळीठिक्कर पडली आहेत. वस्तीत विहारासमोर प्लॅस्टिकच्या टाक्यांची रांग होती, टँकर अजून आला नव्हता. एका टाकीवर एक म्हातारी बसली होती. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुमी ते मैकवाले सायब नव्हं?"

मी हो म्हणालो.

"म्या द्वारकाबाई. कडूच्या शेजारची. तिला तुमी मैकात आई म्हनला व्हता."

"हो."

"लई ग्वाड वाटलं व्हतं तिला. आठ दिस सांगत व्हती, मोठा सायब मला आई म्हनला."

संघपाल, मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण रिक्षा परत गेली होती.

२०१९ची जनसुनावणी तुला सांगायची गरज नाही, पण मला एकदा ती माझ्या हाताने लिहू दे. मंडपात तीनशे माणसं होती. सगळं बोलून झाल्यावर कडूबाई मागून उठल्या आणि एकच प्रश्न विचारला, "आमची हीर लिवली का?" मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, "आई, तुमच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना घेतलेला आहे, काळजी करू नका." प्रत्येक शब्द खरा होता. असं खरं बोलायला फार वर्षांचा अनुभव लागतो. आणि प्रोजेक्टरशेजारी उभा असलेला तू मान हलवलीस, आईला म्हणालास, "म्या सोता घेतलाय, आये. बस खाली." ती बसली. तिच्यामागे सगळी वस्ती बसली. एकही हरकत नोंदली गेली नाही.

"संघपाल येतो का इकडे?" मी द्वारकाबाईंना विचारलं.

"नाय. आमीबी बोलवत नाय," ती म्हणाली. "खानवाल्यावर कोन इस्वास ठेवतंय? आमच्या पोरानं मान हालवली म्हनून आमी गप ऱ्हायलो."

मला हे ठाऊक नव्हतं. म्हणजे अंदाज होता, पण असं कानांनी ऐकलं नव्हतं.

तिने मला विहीर दाखवली. रहाट काढून नेलाय. कठड्यावर दोरांनी पडलेल्या खाचा आहेत, बोट बसेल एवढ्या. मी एक खडा आत टाकला. दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. मग बरोबर एक वाजता भोंगा झाला, सुरुंग उडाला आणि पायाखालची जमीन हलली. द्वारकाबाईने सवयीने पदर नाकाला लावला आणि दुसऱ्या हाताने टाकीचं झाकण दाबून धरलं.

विहिरीच्या काठावरून खाणीचा खड्डा दिसतो. तळाशी हिरवं पाणी साठलंय. ते तुमच्याच विहिरीचं. मुरमाखाली तो पाणी धरणारा मऊ थर होता, त्याला भेगा पडल्या आणि वरचं पाणी उताराला लागलं. शेवटी बायकांनी तिथूनच आणायला सुरुवात केली. खडकात कापलेल्या ज्या टप्प्यावरून घागरीसकट पाय घसरून कडूबाई गेल्या तोही द्वारकाबाईने दाखवला. मी तिकडे पाहिल्यासारखं केलं.

आमची इमारत त्याच खडीची आहे. बिल्डरला मी स्वतः विचारलं होतं आणि दगड चांगला आहे असं शिफारशीने सांगितलंही होतं.

तुझा,
मुकुंद सर


८ फेब्रुवारी

प्रिय संघपाल,

पहिल्या पत्रात मी तुला दोन खोट्या गोष्टी लिहिल्या. वही हरवलेली नाही. आणि प्रश्न यादीचा नव्हता.

आता क्रमाने सांगतो. तलाठ्याच्या यादीतल्या अकरा विहिरी आपण चार दिवसांत पाहिल्या. पाच कोरड्या होत्या, उरलेल्यांच्या तळाशी जेमतेम गढूळ पाणी होतं. शेवटच्या दिवशी तू म्हणालास, "सर, आमच्या वस्तीवर चला, तिथं पाणी हाय." मला वाटलं, पोरगा घरी जेवायला नेतोय. तू विहिरीत बाटली सोडलीस ती खरोखर भरून वर आली. कडूबाईंनी तांब्या पुढे केला. मी प्यायलो. तुमच्या घरचं पाणी मी कसं बिनदिक्कत प्यायलो, याचा तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता. आता आठवलं की लाज वाटते.

मी वहीत लिहिलं: "क्रमांक ७. वस्तीची विहीर. खाणीच्या हद्दीपासून १८० मीटर. पाणी वीस फुटांवर. चव गोड." अकरा विहिरींत फक्त सहाच ठिकाणी नमुना घेण्याजोगं काही होतं, म्हणून ही सातवी.

कडूबाई जवळ आल्या. "म्या दहा वर्साची व्हते ही खनली तवा. माती वाह्यली म्या. आमची हीर लिवली का, सायब?" मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ओळीवर बोट ठेवून विचारलं, "ही का?" बोट ओलं होतं. शाई तिथे पसरली. सात नंबरच्या ओळीवर अजून तो डाग आहे.

पाण्याने भरलेली विहीर एकशेऐंशी मीटरवर आहे असं लिहिलं असतं, तर खाणीची हद्द मागे न्यावी लागली असती आणि पुन्हा एका ऋतूचा अभ्यास करावा लागला असता. तो मंदारचा स्वतःच्या नावावरचा पहिला अहवाल होता. खाणीचे लोक रोज दोनदा फोन करत होते आणि पोराचं जेवणावरून लक्ष उडालं होतं. त्याने मला विचारलं, "बाबा, पाचशे मीटरच्या आत काही आहे?" मी म्हणालो, "यादीत काही नाही." त्याने तसंच टाइप केलं. मग तू लॅबला दिलेल्या सात नंबरच्या बाटलीसमोर मी अप्पाराव पाटलांच्या विहिरीचं नाव टाकलं. ती अडीच किलोमीटरवर आहे. माझ्या वहीत तिच्यापुढे लिहिलंय: कोरडी.

एवढंच केलं मी. एक नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं.

परवा मी मंदारला हे सांगितलं. त्याने २०१९चा अहवाल काढून शेवटचं पान उघडलं. मग म्हणाला, "अहवालाच्या खाली सही माझी आहे, बाबा. तुमची नाही. वही बाहेर आली तर माझी मान्यता जाईल. पुन्हा कुणी मला काम देणार नाही. जाळून टाका ती." त्याचं काय चुकलं? त्याने बापाच्या शब्दावर विश्वास ठेवला. तुझ्यासारखाच.

भानुमती आतून ऐकत होती. ती सहसा ऑफिसच्या बोलण्यात पडत नाही. काल भाजी निवडता निवडता म्हणाली, "तेव्हा मुलासाठी म्हणून लिहिलं नाहीत. आता मुलाला बुडवून लिहिणार आहात का?" मी पेपर उघडला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "काहीही करा, पण ती वही घरात ठेवू नका. एक तर जाळा, नाही तर ज्यांची त्यांना द्या."

तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस, असं विचारणार होतो. विचारत नाही.

मुकुंद


१७ फेब्रुवारी

संघपाल,

मी वीस तारखेला येणार नाही. रक्तदाब वाढलाय, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली आहे. वहीचं एक पान म्हणजे काही वेद नव्हे, त्याने विहिरीला पाणी येणार नाही. मंदारला दोन मुली आहेत. तू समजूतदार आहेस.

मु.


२१ फेब्रुवारी

प्रिय संघपाल,

सतरा तारखेचं पत्र मी पेटीत टाकलं नव्हतं. या पत्राबरोबर तेही पाठवतोय, कारण ते लिहिणारा माणूसही मीच आहे. डॉक्टरांनी कसलीही मनाई केली नव्हती. मी त्यांच्याकडे गेलोच नव्हतो.

काल सकाळी वही शबनममध्ये घालून पाचोडची एसटी धरली. शाळेच्या पटांगणात मंडप होता. स्टेजवर अधिकारी होते आणि शेजारी मंदार त्याचा लॅपटॉप घेऊन. मला पाहून त्याला बरं वाटलं. त्याला वाटलं, वही जाळून बाप मुलाचं काम बघायला आलाय. त्याने पुढची खुर्ची दाखवली. मी मागे, द्वारकाबाईशेजारी सतरंजीवर बसलो.

मंदारचं बोलून झाल्यावर मी बोलायची चिठ्ठी दिली. अधिकाऱ्यांनी ती वाचून विचारलं, "तुम्ही तर अहवाल करणाऱ्यांपैकीच ना?" मी म्हणालो, "म्हणूनच बोलायचंय."

माइक तसाच होता, किरकिर करणारा. मी सात नंबरची ओळ वाचली. नाव कसं बदललं ते सांगितलं. मंदारने माझ्या शब्दावर टाइप केलं हे सांगितलं. आणि संघपालला यातलं काहीही माहीत नव्हतं, त्याने मान हलवली ती माझ्या खोटेपणावर विश्वास ठेवून हलवली, हे मी दोनदा सांगितलं. पहिल्या वेळी माइकने मध्येच दम सोडला होता.

खाणीचा मॅनेजर उठला. वही काय, कालही लिहिता येते, म्हणाला. मी म्हणालो, लॅबच्या नोंदीत सात नंबरच्या पाण्याचे आकडे आहेत, वहीतही ती बाटली भरली त्याच दिवशीची सात नंबरची नोंद आहे, आणि ते आकडे ज्या विहिरीच्या नावावर छापलेत ती माझ्या वहीत कोरडी आहे. कोरड्या विहिरीचं पाणी लॅबमध्ये गेलं कसं? यावर तो म्हणाला, कोरडी होती हेही तुमचीच वही सांगते.

तेवढ्यात पुढच्या खुर्च्यांमधून अप्पाराव पाटील उठले. मला वाटलं, आता संपलं. पाटील म्हणाले, "एकोणीसला माझी हीर खडखडीत कोरडी व्हती. माझी बैलं या वस्तीच्या हिरीवर पानी प्येत व्हती. खोटं कशापायी बोलू?" आणि खाली बसले. पन्नास वर्षांत गावातल्या कुणी त्या विहिरीचं नाव घेतलं असेल तर ते काल पहिल्यांदा.

मंदारने लॅपटॉप मिटला. माझ्याकडे पाहिलं नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुलाही माहीत नाही. जनसुनावणी संपताना झालेलं सगळं लोकांसमोर मराठीत वाचून दाखवावं लागतं, तसा नियम आहे. २०१९ला त्या वेळी मी मंडपाबाहेर चहा आणि गरम भजी मांडायला सांगितली होती. लोक उठले आणि वाचन रिकाम्या खुर्च्यांसमोर झालं. कायद्याने झालं. काल पुन्हा बाहेर भज्यांचा वास सुटला. ही युक्ती मंदारने माझ्याकडूनच उचलली होती.

माणसं उठायला लागली. द्वारकाबाई उठली नाही. तिने लिहिणाऱ्या बाबूला बसल्या जागेवरून विचारलं, "लिवलं का?"

"लिहिलं, आजी. चहा घ्या," तो म्हणाला.

संघपाल, तो तोच आवाज होता, तोच प्रश्न. फरक इतकाच की या वेळी मला उत्तर ठाऊक होतं. मी स्टेजवर चढलो आणि कागद मागितला. त्यावर लिहिलं होतं: "एका ग्रामस्थाने पाण्याबाबत शंका उपस्थित केली." मी ते माइकवरून वाचलं. बाहेर गेलेले लोक हातातले कप घेऊन परत आले. वस्ती जागची हलली नाही.

पुन्हा लिहावं लागलं. मी सांगत गेलो आणि तो लिहीत गेला: विहीर, अंतर, पाणी किती फुटांवर, चव, कुणी लपवलं, त्याचं नाव. "मालकाचं नाव?" बाबूने विचारलं. मी म्हणणार होतो, कडूबाई. द्वारकाबाई म्हणाली, "वस्ती लिवा." तसं लिहिलं. मग त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं आणि मी खाली सही केली. वहीची झेरॉक्स त्यांनी घेतली. मूळ वही द्वारकाबाईच्या घरात आहे, तुझ्या आईच्या फोटोमागे. त्या डागावर तिने एकदा हात फिरवला.

निघताना ती म्हणाली, "संघपालला सांगा, वस्तीवर ये म्हनावं. आमी त्याला उगाच दूर लोटलं." निरोप पोचवला. पुढचं तुझं तू ठरव.

मंजुरी अडकेल असं अधिकारी म्हणाले, विहिरीची वेगळी चौकशी लावू म्हणाले. ते किती खरं, हे इतकी वर्षं याच धंद्यात राहिलेल्या माणसाने तुला काय सांगावं? मंदार काल घरी आला नाही, बायकामुलांना घेऊन सासरी गेलाय. भानुमतीने त्याचं ताट वाढलं होतं, मग उचललं. माफीबद्दल मी या पत्रात काही लिहिलं नाही. ती तुझ्याकडे मागायची माझी हिंमत नाही आणि मुलाकडे तर नाहीच नाही. सहा वर्षं तू रोज सकाळी "जय भीम, सर" म्हणायचास आणि मी "हं, ये" म्हणायचो, हे का कोण जाणे आज सारखं आठवतंय.

मला वाटलं होतं, लिहिलं गेलं की ती विचारायची थांबेल. आज आमचा पाण्याचा दिवस. सकाळी नळ सोडला, हवा सुटली, घरघर झाली. मी कान देऊन उभा राहिलो. ती आली. पण आता प्रश्न वेगळा आहे.

"पानी आलं का, सायब?"

मी नळाखाली बादली सरकवली. आमच्या नळाला पाणी आलं होतं.

मुकुंद